थ्रॉटलमधलं कुंकू

दसरा, संध्याकाळ

सकाळी हत्यारांच्या पूजेत लेक मेघनाचे कॉम्प्युटरवरच्या खेळाचे जॉयस्टिक-थ्रॉटलही मांडले; थ्रॉटल म्हणजे यानाचा वेग कमी-जास्त करायचा दांडा. तिने पहिल्या पगारातून हौसेने घेतलेले. मी कुंकू जरा जास्तच वाहिलं, ते थ्रॉटलच्या फटीत गेलं. दुपारी खेळातलं अंतराळयान थांबेचना.

"बाबा, यानाच्या अंगात आलंय!" मेघना हसली.

रागावली नाही. ब्रशने कुंकू झटकलं. तरी यान सरकतच होतं, तर दांड्याची शून्याजवळची बारीक हालचाल धरूच नको, असं सेटिंगमध्ये सांगून टाकलं. केवढी समज! आनंदनगरच्या कारखान्यात इतकी वर्षं मशीन चालवतो, मला सुचलं असतं?

"आता तुम्ही चालवा."

दरवेळी नको म्हणायचो. हे काय माझं वय? आज मात्र थ्रॉटलला नमस्कार करून बसलो. कुंकवाचा एक ठिपका राहिला होता. त्यावरच अंगठा ठेवून यान हळूच तळावर उतरवलं.