नदीपलीकडची पार्सलं

ती. आल्डनदादास,

धाकट्या ओरिनचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझी खोकणारी म्हातारी कुत्री आणि तुझं ते कानातलं यंत्र, तिघांच्याही तब्येती बऱ्या असतील अशी आशा करतो. (यंत्राची चौकशी मुद्दाम केली. फोनवर मी बोलायला लागलो की तू ते काढून ठेवतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र. पत्र काही काढून ठेवता येत नाही.) माझं म्हणशील तर आहे मी. माझी इडेला वारली त्याला पाच महिने झाले. सकाळी अजून हाताला दोघांच्याच कॉफीचं माप येतं. उरलेली मी दुपारी गारच पितो, कारण ओतून देणं आपल्या घराण्यात बसत नाही.

तर सांगायचं असं की, यापुढे माझं एकही पार्सल तुझ्या ओसरीवर येणार नाही. सुटलो, म्हणशील. म्हण बापडा. अकरा वर्षं मी ऑनलाइन जे जे मागवलं ते तुझ्या पत्त्यावर मागवलं. का, तर नदीच्या तुमच्या बाजूला न्यू हॅम्पशरात विक्रीकर नाही आणि आमच्या व्हरमाँटात सहा टक्के आहे. तेवढे सहा टक्के वाचवायला मी पाऊण तास ट्रक हाकत तुझ्याकडे यायचो, स्टोव्हपाशी बसून तू केलेले ते अर्धेकच्चे बीन्स गिळायचो आणि संध्याकाळी खोकं मागे टाकून पूल ओलांडून परत जायचो. पेट्रोलला किती जातं असं कुणी विचारलं की मी हवापाण्यावर बोलायला लागायचो. इडेलाने मात्र कधी विचारलं नाही. ती आल्याचा केक बांधून द्यायची आणि म्हणायची, जाऊन ये, घाई करू नकोस.

पार्सल बंद म्हणजे माझं येणंही बंद, हे तुला कळलं असेलच. आपण काही भेटायला म्हणून भेटणारी माणसं नाही. आईचं मेपलचं रान तू विकलंस तेव्हापासून नऊ वर्षं आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. (मी ते विसरलेलो नाही. नुसतं बोलायचं सोडलंय.) मग एक दिवस मला बर्फ उडवायच्या यंत्राचा पट्टा हवा होता, तेव्हा तो तुझ्या पत्त्यावर मागवायचं इडेलाच्याच डोक्यातून निघालं. म्हणाली, तेवढाच कर वाचेल. कर वाचतोय म्हटल्यावर मी सैतानाच्याही दारात गेलो असतो, तू तर सख्खा भाऊ.

आता हे सगळं बिनसलं कशाने ते ऐक. पंधरा एप्रिलच्या आत कराचा फॉर्म द्यायचा असतो. चव्वेचाळीस वर्षं तो इडेलाने भरला. मी तिने बोट ठेवलेल्या जागी सही करायचो आणि जेवायला बसायचो. यंदा बोट ठेवायला कुणी नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तो वाचला. वाचू नये, दादा. त्यात एक ओळ आहे की वर्षभरात कर न भरता बाहेरून जे सामान आणून घरी वापरलंत, त्यावरचा कर इथे आपणहून लिहा. म्हणजे कोल्ह्यालाच विचारायचं, बाबा रे, यंदा कोंबड्या किती नेल्यास? आणि खाली दम दिलाय की खोटं लिहाल तर शिक्षा. बरं, ती ऑक्टोबरात गेली, म्हणून यंदाच्या फॉर्मवर अजून नाव दोघांचं आहे. शून्य लिहावं तर ते खोटं तिच्याही नावावर जाणार. खरं लिहावं तर कर वाचत नाही, मग मी तुझ्याकडे यायचं कुठल्या निमित्ताने? तीन दिवस मी पेन धरून नुसता बसून होतो.

चौथ्या दिवशी शून्य लिहायचं ठरवलं आणि जिवाला थोडं बरं वाटावं म्हणून तुझ्याकडे पडलेलं पंपाचं खोकं न्यायला आलो. तुला आठवत असेल, त्या दिवशी आपण दोघं मिळून सात-आठ वाक्यं बोललो. परत जाताना काय झालं ते मात्र तुला सांगितलेलं नाही. चिखलाचे दिवस. आमच्या घराखालच्या उतारावर ट्रक असा रुतला की दार उघडेना, मी खिडकीतून उतरलो आणि एक बूट तिथेच राहिला. शेवटी गावच्या रस्त्यांचं काम बघणारा लाइल बुशी रस्ता सपाट करायचा ग्रेडर घेऊन आला. तो खाली उतरला, चिखलाकडे बघितलं, माझ्या मोज्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ओरिनकाका, इथे खडी पडायची होती हो. पण गावसभेत कुणीतरी उभं राहिलं आणि म्हणालं, गावाकडे पैसा कुठाय." (ते कुणीतरी म्हणजे मी. दरवर्षी मार्चात मी उभा राहतो. लोक वाट बघत असतात.) मग त्याला खोकं दिसलं. "पत्ता नदीपलीकडचा दिसतोय." मी म्हटलं, भावाचं आहे. "भावाचं, मग इकडे कशाला आणलंत?" मी चिखलात बूट चाचपायला लागलो. त्याने साखळी लावून ट्रक ओढला आणि तो गेला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन म्हटलं, इडेला त्या ओळीत शून्य कसं लिहायची तेवढं तरी बघावं. कोठीत लोणच्याच्या बरण्यांमागे तिने जुन्या फॉर्मच्या प्रती ठेवलेल्या सापडल्या. दादा, शून्य नव्हतं. एकाही वर्षी नव्हतं. अकरा वर्षं मी चोरून आणत होतो आणि अकरा वर्षं ती अंडी विकून साठवलेल्या पैशांतून त्याचा कर गुपचूप भरत होती. सोबत तिच्या अक्षरात यादीसुद्धा: ओरिनचा पट्टा. ओरिनचे बूट, त्याला होत नाहीत. ओरिनचं मासे शोधायचं यंत्र, मासा अजून एकही नाही. मला आधी असा संताप आला की बरणी फोडावी. त्या पेट्रोलचं, त्या थंडीचं, तुझ्या त्या बीन्सचं मी काय करू? मग पहिल्या वर्षाच्या कागदाच्या पाठीवर दोन ओळी दिसल्या. "ओरिनला सांगायचं नाही. कळलं तर तो जायचा थांबेल, आणि आल्डन तर आपणहून जन्मात बोलवायचा नाही." मी तिथेच कोठीत खाली बसून रडलो. हे लिहून कळवतोय, तोंडाने कधी विचारू नकोस.

तर मी खरं ते लिहिलं. गेल्या वर्षीचं झाडून सगळं, पक्ष्यांच्या दाण्यांपर्यंत. सही केली, लिफाफा टाकून आलो. आता तुझ्या ओसरीवर पार्सल मागवण्यात सहा टक्के तर सोड, एक टक्काही फायदा नाही. शहाणा माणूस यापुढे तो पूल ओलांडणार नाही. तुझ्या कुत्रीला मात्र माझी आठवण सांग.

तुझा,
ओरिन

ता.क. इडेलाचा केकचा डबा ऑक्टोबरपासून तुझ्याकडेच आहे. धुतला नसशील तर राहू दे, धुऊ नकोस.

ता.क. येत्या गुरुवारी तुझ्या ओसरीवर एक लहानसं खोकं येईल. पोस्टाने इकडे पाठवायचा शहाणपणा करू नकोस, मी स्वतः येईन. त्याचा कर मी वेगळा काढून ठेवलाय. बीन्स या खेपेला आदल्या दिवशी भिजत घाल.

ता.क. खोक्यात काय आहे ते विचारू नकोस, मलाही नीटसं आठवत नाही. ऑनलाइन दुकानात सगळ्यात स्वस्त जे दिसलं ते मागवलं. पुढच्या महिन्याचंही बघून ठेवलंय.