माइकला पाजलेलं औषध

अहो,

डॉक्टरांकडून आल्यावर आधी हे वाचा, मग तोंड पाडून बसायचं तर बसा. मी ड्यूटीवर निघाले आहे.

रेडिओवरची मंडळी आवाज बसलाय म्हणाली, तरी तुमचा घसा बिघडलेला नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर मी माळ्यावर गेले आणि तुमच्या हॅम रेडिओच्या माइकवरून त्या मंडळींतल्या घड्याळवाल्या भावजींना हाक मारली. ते म्हणाले, "वहिनी, तुमचाही आवाज उशीखालून आल्यासारखा येतोय." बाकी मंडळींचे आवाज, सगळ्यांचं बोलणं पुढे पोचवणाऱ्या त्याच रिपीटरवरून खणखणीत जातात, म्हणजे दोष माइकचा. भावजींनी सांगितलं तसे मी त्याचे चार स्क्रू काढले. आतल्या जाळीवर खोकल्याच्या औषधाचा चिकट थर वाळून बसला होता. चमचा तोंडातून काढला की लगेच माइक ओठांना लावायची तुमची सवय. घशापेक्षा माइकच जास्त औषध प्यायला.

जाळी धुऊन, वाळवून बसवली आहे. आता आवाज स्वच्छ जातो, भावजींनी दोनदा खात्री केली. एक स्क्रू उरला, तो बशीत आहे.

रेडिओवर मंडळींची सकाळची हजेरी घ्यायची जबाबदारी तुम्ही भावजींच्या गळ्यात मारली होतीत, ती मी परत घेतली. उद्यापासून तुम्हीच घ्यायची. परवाना नसताना मी रेडिओवर बोलले म्हणून ओरडायचं असेल तर ओरडा, तेवढाच घरात आवाज होईल.

घशाला आराम म्हणून पंधरा दिवस तुम्ही माझ्याशीही बोलणं टाकलंत. मला ऐकायला कुठे माइक लागतो?