पाहुण्यांना दिलेलं पाणी

ता. कंधार, ३ जून

प्रिय लुंबिनी,

सप्रेम जय भीम.

पिशवीत वर जवसाची चटणी आहे, त्याखाली तुझा उसवलेला कुर्ता शिवून ठेवलाय. सगळ्यात खाली सुतळीनं बांधलेलं खोकं आहे. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याची गाठ सोडायची नाही. पिशवी सकाळच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे देणार आहे, आडवी टाकू नका म्हणून बजावणार आहे. खरं तर फोनवर बोलले असते. पण गेले तीन आठवडे तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. आई, मी लॅबमध्ये आहे. रविवारीही लॅबमध्येच. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर बघ, अजून सुपरवायझरबाई माझंच रजिस्टर दुसऱ्यांना दाखवतात.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टी यात पहिल्यापासून लिहिणार आहे. आईला विसरायला होतंय असं समजू नको. का लिहिल्या ते शेवटी कळेल.

सव्वीस वर्षं मी आपल्या वस्तीतली अंगणवाडी चालवते. सव्वीस वर्षं लेकरांचे दात बघते. पहिले दुधाचे दात तांदळासारखे पांढरे येतात, मग ते पडून पक्के येतात आणि त्यांच्यावर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. तुझ्याही पुढच्या दातांवर तो पट्टा आहे. तू लहान असताना मी रोज तुझ्यावर ओरडायचे, दात नीट घासत नाहीस म्हणून. एकदा तर मारलंही. बी.एस्सी.ला गेलीस तेव्हा तू मला सांगितलंस की दोष घासण्यात नव्हता, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर नको, आपल्याकडे तीनच्या वर आहे. शेजारच्या नागुबाईला मान वळवता येत नाही, हाक मारली की ती अख्खी वळते, तेही त्याच पाण्यानं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. तू घरी असतीस तर तुझ्यासमोर रडले असते, नव्हतीस म्हणून भिंतीसमोर रडले. तुला ते पाणी मीच पाजलं होतं ना. तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं बोलता येतं.

मग तू नांदेडला रेणुकादास सरांकडे पीएच.डी.ला लागलीस. सरांचं आधीचं काम औषधांचं होतं. केसाच्या जाडीत हजारो कण बसतील इतकी बारीक पूड, तिच्यावर औषध बसवायचं, म्हणजे ते रक्तातून थेट दुखऱ्या जागेपर्यंत पोचतं. तू चहा पिता पिता हे सांगायचीस आणि माझा चहा गार व्हायचा. तसलीच पूड तू फिल्टरच्या कांडीत भरलीस. फ्लोराइड तिला गुळाला मुंगळे चिकटावेत तसं चिकटतं आणि पाणी मोकळं होऊन खाली येतं. आपल्याच वस्तीतल्या बारा घरांत फिल्टर बसवलेस. पहिलं घर आपलं. नागुबाईनं तुझ्या हातावर साखर ठेवली होती.

दोन महिने फिल्टर चांगले चालले. मग धार बारीक झाली. कांडीवर पांढरा थर धरला आणि खालच्या भांड्यात पिठासारखा गाळ दिसायला लागला. आपलं पाणी किती जड आहे ते तुझ्या लॅबमधल्या पाण्याला काय माहीत. पुढे मी तुला खरं सांगितल्यावर तूच मला समजावलंस की कांडीतल्या जागा फ्लोराइडच्या आधी दुसरेच क्षार धरून बसतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशा. एकेका घरातला फिल्टर फळीवर गेला. आपलाही गेला. मी तो रोज पुसायचे, त्यावर तुझा शाळेतला फोटो ठेवायचे. तू फोनवर विचारायचीस, चालतोय का. मी म्हणायचे, चालतोय. तुझा आवाज फार दमलेला असायचा. ही माझी पहिली चूक, आणि ती मी शाईनं लिहिते आहे.

फिल्टर बसवल्याच्या दहाव्या महिन्यात सर स्वतः आले. आपल्या खाटेवर बसले, दोन पेले पाणी प्यायले, दुसरा मागून घेतला. तुम्ही दोघं शाळेत लेकरांचे दात बघायला गेलात आणि जाताना तू बारा बाटल्या माझ्याकडे दिल्यास. आई, प्रत्येक घरच्या फिल्टरचं पाणी यात भरून ठेव, तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही. मी बाटल्या घेऊन घरोघर गेले. पहिल्याच घरी बाई म्हणाली, "ह्यातलं पाणी देऊ व्हय सायबाला? गाळ हाय की त्यात." तिनं शुद्ध पाणी विकणाऱ्या ईश्वरप्पाच्या टेम्पोवरून घेतलेल्या जारमधून बाटली भरली. तो जार रोजचा नाही, पाहुण्यासाठी आणि आजाऱ्यासाठी असतो. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नागुबाईनं तर बाटली पदरानं पुसली. म्हणाली, "भामे, माझ्या मायला वरून पाणी वाढायचे हे लोक, भांड्याला भांडं लागू देत नव्हते. आज त्यांच्यातला मोठा मानूस आपल्या घरचं पाणी मागून ऱ्हायलाय. त्याला वाईट देऊ?"

मी अडाणी नाही. पाणी सर पिणार नव्हते, मशीन पिणार होतं, हे मला कळत होतं. तरी बाटल्या भरत मी आपल्या घरी आले तेव्हा माझाही हात जारकडेच गेला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. बारा बाटल्या धुतलेल्या पातेल्यासारख्या लखलखत होत्या. तू मला मिठी मारलीस.

मग तुमचा निकाल आला. बाराही घरी फ्लोराइड पॉइंट चार. सर म्हणाले, इतका सारखा निकाल म्हणजे फिल्टर किती पक्का आहे त्याचा पुरावा. लुंबिनी, मी काही रसायन शिकले नाही, पण वजनकाटा सव्वीस वर्षं हाताळते. बारा लेकरांची वजनं एकसारखी आली तर सुपरवायझर रजिस्टर माझ्या अंगावर फेकते. घरी बसून भरलंस का, विचारते. खरी लेकरं एकसारखी भरत नाहीत. एवढ्या शिकलेल्या माणसांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. बारा घरांचं नव्हतंच ते, एका टेम्पोचं पाणी होतं.

वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, ओठ मिटून हसणारा. सगळ्या वस्तीनं तो कापून ठेवला. विहारात सत्कार झाला. मी बातमी सावकाश वाचली तेव्हा कळलं, दहा महिन्यांच्या सलग वापरानंतरही फिल्टर पूर्ण क्षमतेनं काम करतो असं छापलं होतं. माझ्या हातानं भरलेल्या बाटल्यांवर ते उभं होतं. मी लगेच तुला फोन करून सगळं सांगितलं. तू म्हणालीस, आई, हे कुणाला सांगू नकोस, मी बघते. मी वाट पाहिली. तू बघितलं नाहीस.

मधल्या रविवारी घरी आलीस तेव्हा ताटावर बसून तू तीन गोष्टी सांगितल्यास आणि भाजीला हात लावला नाहीस. पहिली, सर म्हणतात, कुणाच्या तरी आईनं फोनवर काही सांगितलं म्हणून छापून आलेलं मागे घेता येत नाही, लेखी पुरावा कुठे आहे. दुसरी, बारा तारखेला पीएच.डी.चा व्हायवा आहे, पाच वर्षं पाण्यात जातील. तिसरी तू खाली बघून सांगितलीस. लोक म्हणतील, यांच्या वस्तीनं सरांना फसवलं, या लोकांचं असंच असतं. तेव्हा तुला गाडी गाठायची होती. आता बोलते.

तिसरीपासून सुरू करते. म्हणू दे. काही कारण नसताना पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेत, या खेपेला निदान कारण तरी मिळेल. आपण फसवलं नाही, पाहुणचार केला. तपासणीच्या बाटलीत पाहुणचार भरायचा नसतो हे मला कळायला हवं होतं, ते कळलं नाही, तो दोष माझा. माझं नाव घाल. भामाबाईनं चुकीचं पाणी भरलं असं स्पष्ट छाप. माझ्या नावाला जपायला तू गप्प बसणार असशील तर त्या नावाचा मला काही उपयोग नाही. पाच वर्षांचं म्हणशील तर आणखी पाच वर्षं तुला पोसायला मी खमकी आहे. आणि फिल्टर खोटा नाही, अर्धा झालाय. दोन महिने चाललेली गोष्ट दोन महिने चालली म्हणून लिही, पुढचं शोध. त्यात लाज कसली?

घाई का करते तेही ऐक. पंधरा तारखेपासून तालुक्यातल्या एकेचाळीस शाळा-अंगणवाड्यांत तुझा फिल्टर बसणार आहे आणि पंचायतीकडून येणारे जार बंद होणार आहेत. आदेश माझ्याकडेही आला, सही करून परत पाठवा म्हणून. मी सही केली नाही. परवा दगडोबा पेंटर डबा घेऊन आला. अंगणवाडीसमोरच्या, पाणी पिऊ नये म्हणून लाल रंगवलेल्या हापशाला निळा रंग द्यायचा, म्हणजे पाणी चांगलं झालं असं समजायचं. निळ्या रंगाचं मला काही वावडं आहे का? पण त्या हापशावर नाही. मी खुर्ची आणून हापशाला टेकून बसले, मांडीवर रजिस्टर घेतलं आणि लेकरांना तिथंच गाणी म्हणायला लावली. "वरून आदेश हाय बाई," तो म्हणाला. म्हटलं, वरच्यांना सांग, हे पाणी आधी त्यांनी प्यावं. तो चहा पिऊन गेला. उद्या दुसरा कुणी येईल, मीही खुर्ची घेऊन येईन.

आणि तो पांढरा गाळ. औषधाची पूड इतकी बारीक की रक्तात शिरून हवी तिथं पोचते, हे कौतुकानं तूच सांगितलं होतंस. मग कांडीतून निसटलेली पूड तीन वर्षांच्या लेकराच्या पोटात जाऊन कुठे पोचते, हे कुणी मोजलंय का? तुला माहीत असेल तर मला सांग. माहीत नसेल तर सरांना विचार. त्यांनाही माहीत नसेल तर एकेचाळीस ठिकाणी ती लेकरांना पाजायची नाही. एवढं समजायला पीएच.डी. लागत नाही.

लेखी पुरावा कुठे आहे, हा सरांचा प्रश्न मात्र बरोबर आहे. म्हणून आम्ही कामाला लागलो. पाणी तपासायची पेटी पंचायतीनं पाच बायकांना शिकवून दिली होती, ती अंगणवाडीच्या कपाटात पडून होती. औषधाची तारीख बघितली, अजून चार महिने आहेत. बाराही फिल्टर फळ्यांवरून खाली काढले, आपापल्या घरचं बोअरचं पाणी त्यातून गाळलं. थेंब टाकले की लालसर रंग येतो आणि फ्लोराइड जितकं जास्त तितका तो पिवळा पडत जातो. सगळ्या घरी पिवळा पडला. कुठे दोन, कुठे अडीच, नागुबाईकडे तीनच्या वर. दोन शेजारची घरंही सारखी आली नाहीत. मी आकडे लिहिले आणि प्रत्येकीनं पुढे सही केली. नागुबाईला खाली वाकता येत नाही, म्हणून रजिस्टर तिच्या छातीशी धरलं आणि तिनं अंगठा लावला. ती म्हणाली, "पोरीला सांग, आम्ही तिच्यासाठी चांगलं दिलं होतं. आता तिच्यासाठीच वाईट देऊन ऱ्हायलो." आमच्या पेटीचे आकडे ढोबळ असतील, तुमच्या मशीनवर बारीक काढा.

आता हे पत्र कशासाठी ते. हे नुसतं तुला लिहिलेलं पत्र नाही, हा सरांनी मागितलेला लेखी पुरावा आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे, सोबत रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आहे. याच पत्राच्या आणखी दोन प्रती माझ्याकडे आहेत, एक सरांच्या नावाची, एक तालुक्याच्या ऑफिसची. त्या सोमवारी रजिस्टर पोस्टानं जातील, तू हो म्हण किंवा नाही म्हण. मधले चार दिवस मी तुझ्यासाठी ठेवलेत. हे जगाला माझ्याआधी तू सांगावंस, एवढीच माझी इच्छा आहे, कारण फिल्टर तुझा आहे आणि दातही तुझे आहेत. आता सुतळी सोड. खोक्यात बारा बाटल्या आहेत, प्रत्येकीवर घराचं नाव, या खेपेला खरंच फिल्टरमधून आलेलं पाणी. आपल्या घरची बाटली मी स्वतः भरली. घरी आलेल्याला आजवर मी कधी वाईट पाणी दिलं नाही, हे पहिलंच. ते सरांच्या हातात दे, आणि माझ्या आईनं दिलंय म्हणून सांग.

तुझीच आई,
भामाबाई आनंदराज कांबळे
अंगणवाडी सेविका