चाडचं शून्य

तांडा, ता. महागाव
९ नोव्हेंबर

ती. ममतावहिनींना संगीताचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मारेगावला माहेरी वेचणीला जाता की घरीच असता, ते कळवा. इकडे घडलं ते असं:

१. मी आफ्रिकेतल्या अकरा देशांना गुण दिले.
२. आईने तो तक्ता पाहिला.
३. तुमचे सासरे, म्हणजे आमचे फुलसिंगमामा, तांड्याच्या पंचायतीतल्या दोन कारभाऱ्यांना घेऊन माझी सोयरीक ठरवायला आले.

कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेल्यांना भरपाई मिळावी, असा एक आंतरराष्ट्रीय करार होऊ घातला आहे. पहिल्या सह्यांसाठी आफ्रिकेतले कोणते देश योग्य, हे मी एका संस्थेसाठी घरी बसून आकड्यांत मांडते. माझे पहिले चार रकाने होते जमीन, पाणी, दवाखाना, शब्द पाळण्याची सवय. (लग्नाच्या वयाची मुलगी असले रकाने आखते तेव्हा ती स्थळंच तोलते आहे, हा आईचा गैरसमज तर्काला धरूनच आहे.) तिला बेनिन पसंत पडला. माली तिने का नाकारला, ते तिने सांगितलं नाही.

खरं कळल्यावरही मामा उठले नाहीत. ते तांड्याचे नायक, आणि नायक बैठकीला बसला की निकाल देऊनच उठतो. त्यांचं बोट शेवटच्या ओळीतल्या देशावर थांबलं.

"या चाडले शून्य काहून?"

मी सांगितलं, त्याचा शेवटचा, विषबाधेच्या नोंदींचा रकाना कोरा आहे. नोंद नाही तो देश बाद, हा नियम माझाच.

"कोणी तिथं जेवून आलं काय?" (आपल्या तांड्यात स्थळाकडे एक वेळ जेवल्याशिवाय ते नाकारत नाहीत.)

मी नाही म्हटलं.

"मंग आपला तांडाबी बादच. माह्या इंद्रजीतच्या मरणाच्या कागदावर त नुसता ताप लिवला हाय."

कारभाऱ्यांनी कप खाली ठेवले. मी लॅपटॉप बंद केला. बॅटरी बेचाळीस टक्के होती.

तुमची
संगीता

ता. क. चाडचं शून्य मी अजून बदललेलं नाही. नियम बदलायचा तर लेखी कारण जोडावं लागतं, आणि जेवणाचा मुद्दा तिथे चालत नाही.

आणखी एक. गुडघ्याची चौकशी मनापासून केली, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. इंद्रजीतभाऊ त्या दिवशी फवारायला किती वाजता गेले, अंगात काय कपडे होते, परत आल्यावर शेवटचं काय बोलले, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षं मी विचारलं नाही. नोंद नसली तरी माणूस जातो, एवढं दाखवायला मला ते हवं आहे. लिहाल का? त्यांचं नाव घालू की नको, तेही सांगा. अहवाल वीस तारखेला जातो. उत्तर अठरापर्यंत मिळावं.