गज कोण घट्ट करतंय?

३ मार्च, मंगळवार

माझ्या व्हायोलिनला कुणीतरी हात लावतंय! महिन्याने पेटी उघडली, तर गज ताणलेला. वाजवून झालं की मी स्क्रू फिरवून गज सैल करतेच — झोपेतसुद्धा करीन. नवऱ्याला विचारलं. "मला तर पेटीची मागची कडीही उघडता येत नाही." कडी मागे आहे हे बरं ठाऊक!

गज सैल करून ठेवलाय. बघू.

५ मार्च, गुरुवार

पुन्हा घट्ट! वर गजाला चोळायच्या राळेची पूड सांडलेली. व्हायोलिन विकायचं ठरवल्यापासून हा नवरा गपचूप गिऱ्हाइकं आणतोय, दुसरं काय! रविवारी एक बाई बघायला येणारच आहेत. तेवढाही धीर नाही?

आईला विचारलं, मी नसताना घरी कोण येतं? "मला मेलीला कुठे काय ऐकू येतं!" म्हणाली आणि टीव्ही मोठा केला. ही पण सामील!

६ मार्च

कामावर, हॉटेलात, दुपारी तीच ती गाणी वाजवली, स्पीकरला जोडलेल्या हॉटेलच्या व्हायोलिनवर. एका माणसाने हात वर केला. वाटलं, दाद देतोय. पाणी हवं होतं.

लहानपणी शाळेतून धावत यायचे वाजवायला. मग आई पट्टी घेऊन मागे उभी राहू लागली. मग बक्षिसं, मग पगार. आता घरचं व्हायोलिन बघितलं तरी कंटाळा येतो. जाऊ दे एकदाचं.

७ मार्च

कामावर निघाले आणि जिन्यातच थांबले. नवरा ऑफिसात — फोन करून खात्री केली. मग आतून आवाज आला. काय तो सूर, देवा! हळूच दार उघडलं.

आई! व्हायोलिन कसंबसं हनुवटीखाली धरलेलं, आणि एकटीच खुदुखुदू हसत होती. मला पाहून चेहरा उतरला. "रागावू नकोस गं. तुला शिकायला लावलं, पण मला कुणी कधी हात लावू दिला नाही. विकायच्या आधी जरा... तू येशील म्हणून घाईत गज तसाच ठेवायचे."

आई मला घाबरते! मी तिला घाबरायचे, अगदी तशीच. रडूच आलं. नवऱ्यावर मात्र उगाच तोंडसुख घेतलं.

८ मार्च

बाईंना येऊ नका म्हणून कळवलं. निघण्याआधी थोडं वाजवलं — असंच. हॉटेलात पोचायला उशीर होणार.

गज सैल केला नाही. दुपारी आई वाजवणार आहे.