मी न लावलेला ठिपका

मी, खाली सही करणारी, जिला ही सगळी गल्ली मिक्सरवाली मावशी म्हणते ती, वय सत्तरीपुढे, धंदा मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्तीचा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर सगळ्यांवरच्या संशयापोटी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिलेला आहे. तो देताना त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही, तेव्हा त्या दाखल्यावर फार विसंबू नये. कागद वाचून ज्याचं त्याने ठरवावं.

यापूर्वी मी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्या प्रत्येकात मी कोणा ना कोणाला वगळत गेले होते आणि शेवटच्यात समोरच्या शिंप्याच्या मांजरीशिवाय कोणी उरलं नव्हतं.

कलम १. राहती जागा. दुकानाच्या वरची माझी खोली, मोरी आणि पुढची पडवी माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. पडवीच्या दाराला बाहेरून एक आणि आतून दोन कड्या आहेत. आतली खालची कडी नुसती दाखवायला आहे, खरी वरची. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

कलम २. शिल्लक. बँकेतली ठेव लेकीच्याच नावे करावी. बँकेतला मुलगा हल्ली मला बघितलं की खुर्चीवरून उठून विमा घ्या, विमा घ्या म्हणून मागे लागतो. मी मेल्याचं कळल्यावर तो लेकीच्या मागे लागेल. त्याला चहा पाजू नये.

कलम ३. धाकटे दीर. यांनी माझं ड्रिल मशीन 'वहिनी, दोन दिवसांत आणून देतो' म्हणून नेलं. त्यानंतर त्यांच्या मुलाचं लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला. माझ्या कपाटावर त्या ड्रिलचं रिकामं खोकं आहे. ते धाकट्या दिरांना द्यावं, म्हणजे त्यांच्याकडचा संच पुरा होईल. याउपर त्यांचा माझ्या मिळकतीवर काडीचाही हक्क नाही.

कलम ४. टीव्ही. तो शिंप्याला द्यावा. माझ्या लेखी त्याचा उपयोग संपला आहे. पूर्वी गल्लीच्या टोकाला थेटर होतं, लोक रांगा लावून तिकिटं काढायचे आणि बाहेर येऊन नायकाला शिव्या घालायचे. आता त्या थेटरात चादरींचा सेल लागतो. आतमध्ये अजून उतार आहे, त्यामुळे चादरी बघता बघता माणसं आपोआप पडद्याच्या जागी मांडलेल्या पैशांच्या गल्ल्यापर्यंत पोचतात. हे मालकाने मुद्दाम ठेवलंय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि घरोघरी लोक काय बघतात, तर दुसऱ्याने मागवलेलं खोकं दुसरा उघडतो ते! कोण कुठला पोरगा चाकूने चिकटपट्टी कापतो, आतून मिक्सर काढतो, 'वाव' म्हणतो, आणि आमच्या पलीकडची शिक्षिका जेवण सोडून बघत बसते. मी तिला विचारलं, "बाई, त्यात तुला काय मिळतं?" तर म्हणाली, "मावशी, बरं वाटतं हो." माणसाला बरं वाटतंय म्हटलं की कोणीतरी काहीतरी विकायला निघालंय, हे मी या गल्लीत बसून शिकले आहे.

कलम ५. दुकानाचा गाळा. भांडण व्हायचं तर इथेच होणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा गाळा माझ्या नवऱ्याने घेतला आणि तो गेल्यावर मी चालवला. शेजारच्या गाळ्यात आधी व्हिडिओच्या कॅसेटी मिळायच्या, मग झेरॉक्स आलं, मग मोबाइलची कव्हरं. आता तिथे पोरं कानाला डबडी लावून अंधारात खेळ खेळतात आणि आतून एकदम 'मार, मार' असं ओरडतात. पहिल्यांदा मी पोलिसांना बोलावणार होते. केस कापणाऱ्याने पाठ दाबणारी खुर्ची आणली आहे. समोरचा शिंपी कपडे शिवायचा तो आता घरपोच आलेले कपडे उसवून बेतात बसवून देतो. मी तेवढी आहे तिथे आहे. तीच खुर्ची, तेच टेबल.

माझी एक रीत आहे. मिक्सर दुरुस्त झाला की तळाच्या शेवटच्या स्क्रूवर मी नेलपॉलिशचा ठिपका देते. नखांना मी जन्मात कधी लावलं नाही, जे लावलं ते स्क्रूंना. दुसऱ्या कोणी मिक्सर उघडला की ठिपका फुटतो, आणि मग माझी गॅरंटी संपली. रंग डाळिंबी. तो कंपनीने बंद केला, कारण हल्लीच्या मुलींना म्हणे नखं रंगवायची पण रंग दिसायला नको. बंद व्हायच्या आत मी दुकानदारिणीकडच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या उचलल्या.

मागे मी पाय घसरून पडले आणि बरेच महिने शटर बंद राहिलं. उघडलं तेव्हा गिऱ्हाईक गायब. लोक दुरुस्तीला विसरलेच होते. मॉलमध्ये 'जुना द्या, नवा घ्या' चालू होतं, आणि त्याच काउंटरवर माझे जावई नोकरीला. म्हणजे माझ्याच घरातला माणूस माझ्या पोटावर पाय देऊन उभा! त्यातच एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "आई, गाळ्याचे कागद कुठे असतात हो?" माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "का?" ते म्हणाले, "नाही, असंच." असंच कोणी कागद विचारत नाही. पार्सलांचं दुकान काढायला त्यांना असाच गाळा हवा असणार. त्याच रात्री मी कागदांची जागा बदलली.

त्यानंतर लेकीने मला घरी बोलावणंच बंद केलं. कधी रंगकाम, कधी पाव्हणे, कधी नळाला पाणी नाही. मी मनाशी म्हटलं, नवऱ्याने कान भरले.

आणि मग अचानक मिक्सर यायला लागले. जुन्याच गिऱ्हाईक बायका, पण मिक्सर एकामागून एक. मी आधी खूश झाले, मग सावध. इतकी माणसं एकदम शहाणी होत नाहीत. मिक्सर उघडावा तर आत सगळं ठणठणीत. मोटर चांगली, कार्बन चांगला, फक्त स्विचमागची वायर सुटलेली. प्रत्येक वेळी तीच. वायर आपोआप सुटली की तिची तार विस्कटते. ही टोकं व्यवस्थित सरळ होती. आणि तळाशी ठिपका.

आता मी एकदा उघडलेला मिक्सर विसरत नाही. माणसं विसरते, मिक्सर नाही. हे मिक्सर माझ्या हाताखालून कधी गेलेलेच नव्हते! मग यांच्यावर माझा ठिपका आला कुठून? उजेडात धरून बघितलं तर रंग डाळिंबी नव्हे, फिका गुलाबी. तो रंग मी एकीच्याच बोटांवर पाहिला होता, माझ्या लेकीच्या.

झालं. मी सगळं जुळवलं. जावई माझा ठिपका नकली करून बाजारात भलत्यासलत्या दुरुस्त्या खपवतायत, माझं नाव खराब झालं की म्हातारी आपोआप गाळा सोडेल. शिक्षिकेला विचारलं, "हा मिक्सर कधी घेतलास गं?" तर ती म्हणाली, "मावशी, तो ना... आमच्याकडे आहेच की." मिक्सर दुरुस्त करून दिला आणि मी मागे लक्ष ठेवलं. बाई घरी न जाता सरळ शिंप्याच्या दुकानात शिरली आणि हात हलवत बाहेर आली. म्हणजे शिंपीसुद्धा सामील! ज्याला मी टीव्ही देतेय तो.

मी त्याला विचारलं, "काय हो, हल्ली मिक्सरला पण अस्तर लावता का?"

त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. "वहिनी, कामात आहे," एवढंच म्हणाला. टाचण्यांआडून खोटं बोलायची त्याची जुनी सवय आहे.

संध्याकाळी जावई आले, शिंप्याकडून पिशवी उचलली, स्कूटरला अडकवली आणि गेले. माझ्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, सापडले. माझ्या हातचा माल घेऊन जातायत आणि विकतायत. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी रिक्षा केली आणि न सांगता लेकीच्या घरी गेले. खाली वॉचमनला नाव सांगायच्या आत तो म्हणाला, "मिक्सरवाल्यांकडे ना? दुसरा मजला." म्हणजे नावही माझंच घेतलेलं!

त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी बाहेरच्या गॅलरीत उघडते. पडदा नीट ओढलेला नव्हता. आत पलंग नव्हता. कपाटही नव्हतं. खाली जमिनीपासून वर माळ्यापर्यंत मिक्सरच मिक्सर होते. प्रत्येक मिक्सर शिंप्याकडच्या चिंध्यांत गुंडाळलेला, प्रत्येकाला माझ्या अक्षरातली 'ठीक केला' अशी चिठ्ठी तशीच बांधलेली. पलीकडे दिवाणखान्यात गाद्यांची वळकटी दिसत होती. बाई गं, हे दोघं जमिनीवर झोपत होते.

मी बेल वाजवणार इतक्यात लेकीचा आवाज आला. "आता कुठे ठेवायचा हा? बाथरूममध्ये?"

"माळ्यावर बघ ना, एक बसेल."

"तू म्हणाला होतास, दोन-चार महिने करू. निदान दुरुस्त झालेले तरी भंगारात दे. तिथूनच तर आणतोस, आणि चांगले असलेले बिघडवून देतोस."

"देणार होतो गं. नेला होता एक. पण आईंनी वायर किती नीट बसवली होती... नाही टाकवला."

"मग बास करू या का?"

जावई म्हणाले, "बास केलं तर त्या उद्या शटर उघडतील कशाला?"

मी बेल वाजवली नाही. जिन्यात बसले. मॉलमध्ये लोक चालू मिक्सर देऊन नवे नेतात, तो ढीग भंगारात जातो, त्यातले हे विकत घेतात, वायर सोडतात, ठिपका देतात आणि बायकांच्या हाती माझ्याकडे पाठवतात. ठिपका द्यायचा तो मिक्सर माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा वाटावा म्हणून! मला आधी संताप आला. मी काय कोणाच्या दयेवर जगतेय? वर जाऊन दोघांच्या कानफटात द्यावी असं वाटलं. मग रडू आलं. पुष्कळ आलं. वॉचमनने पाणी आणून दिलं, तेही मी आधी वास घेऊन प्यायले.

तेव्हा गाळ्याबाबत माझी इच्छा अशी : गाळा, त्यातलं टेबल, खुर्ची, हत्यारं आणि उरलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या यांसह, संपूर्ण मालकी हक्काने माझ्या जावयांना मिळावा. दुरुस्तीचंच दुकान चालवायची अट नाही. पार्सलांचं काढा, खेळांचं काढा, पाठ दाबायच्या खुर्च्या मांडा. इतर कोणीही त्यावर हक्क वा हरकत सांगू नये, विशेषतः ड्रिलवाल्यांनी.

संशय घेतला म्हणून मी जावयांची क्षमा मागणार नाही. माझा संशय खरा होता. कट होता, सगळे सामील होते, मला फसवलं जात होतं. आणि गाळ्याचे कागद त्यांनी कशासाठी विचारले ते मला अजूनही कळलेलं नाही. त्याबद्दल माझी शंका कायम आहे. कागद पिठाच्या डब्याखाली आहेत.

कलम ६. लेकीच्या खोलीतले मिक्सर. मला शेवटचं पोचवायला येतील त्या सगळ्यांना परत जाताना एक एक मिक्सर द्यावा. माल चालू आहे, पुढची तक्रार घ्यायला मी नसेन. मिक्सर मिळतोय म्हटल्यावर गर्दी होईल, ती होऊ द्यावी. पलीकडच्या शिक्षिकेने तो घरी नेऊन उघडतानाचा व्हिडिओ काढला तरी चालेल. खोली रिकामी झाली की जावई आणि लेक यांनी त्याच दिवशी पलंग आत घ्यावा. हे कलम इतर सर्व कलमांच्या आधी अंमलात आणावं, कारण जावयांची कंबर दुखते हे मला ते स्कूटरवर बसताना दिसतं.

कलम ७. हे सगळं मी जिवंतपणी का बोलले नाही, असं लेक विचारेल. विचारू दे. बाळ, मी त्या दिवशी जिन्यातून उठले तेव्हा तुझी बेल वाजवायला दोनदा वर आले होते. पण बोलले असते तर तुम्ही थांबला असता. मग सकाळी उठून मी कोणासाठी केस विंचरले असते? ते मिक्सर खोटे आहेत हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी शटर वर करताना मी रस्त्याकडे बघते, कोणाच्या हातात पिशवी आहे का म्हणून. दिसली की मला बरं वाटतं. फार बरं वाटतं गं.

सदर मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने सही करून ठेवलं आहे.

सही : मिक्सरवाली
ठिकाण : माझा गाळा
दिनांक : ९ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी, गिऱ्हाईक नसताना

साक्षीदार १ : समोरचा शिंपी. याने माझी सही होताना पाहिली. 'वहिनी, आत काय लिहिलंय?' असं त्याने विचारलं. मी वाचायला दिलं नाही. वाचलं असतं तर संध्याकाळच्या आत ते जावयांना कळलं असतं, आणि मला उद्याही मिक्सर हवा आहे.

साक्षीदार २ : केस कापणारा. याने खुर्चीवर पाठ स्वस्तात दाबून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं.