गच्चीला तिकीट नाही

चिरंजीव,

उठलास की आधी हे वाच, मग फोनाफोनी कर. मी हरवलेले नाही.

परवाही हरवले नव्हते. तू मला गल्लोगल्ली शोधत होतास, तेव्हा मी मोठ्या वाचनालयाच्या गच्चीवर मजेत बसले होते. वरून नदी दिसते, पूल दिसतात, आपली खिडकीसुद्धा दिसते. कुणी तिकीट विचारत नाही. मी तुमच्याकडे राहायला आल्यापासून तुझं एकच पालुपद, "आई, रविवारी मी नेतो, फुकटात काय बघण्यासारखं असतं?" रविवार येतो आणि तू सोफ्यावर घोरतोस. आत्ताही घोरतोयस.

गच्चीचं तुझ्या बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ती गच्ची मी खालूनच बघतेय." माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन चालले आहे. आधी गच्ची, मग बागेतलं काचघर, आणि आज संग्रहालयही सगळ्यांना मोफत आहे. ती नको नको म्हणत होती, मीच चपला घालायला लावल्या. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी लेक पाळण्यात आहे. दूध फ्रिजमध्ये, डायपर कपाटात. आता उठेल आणि भोकाड पसरेल. तिला घेऊन खिडकीत उभा राहा. आम्ही दोघी वरून हात हलवू. त्यातली हसतेय ती तुझी बायको, ओळखता आली तर.

तुझी आई